तंबूतलं ते बाळ, आणि आपल्याकडं लपवलेली बाळंतपणं

खानापूरची_सिस्टर
नमस्कार सगळ्यांना. दोन दिवस झाले डोक्यातनं जात नाही म्हणून लिहायला बसले, लांब होणार, सांभाळून घ्या.

इंग्लंडमधल्या त्या जोडप्याला १४-१४ वर्षांची शिक्षा झाली ती बातमी वाचलीच असणार तुम्ही. कॉन्स्टन्स मार्टन आणि मार्क गॉर्डन. आधीची चार मुलं कोर्टानं काढून घेतलेली, पाचवं पोटात आलं तेव्हा कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही असं ठरवून गावोगाव फिरत राहिले. ५ जानेवारी २०२३ ला बोल्टनजवळ हायवेवर त्यांची गाडी पेटली, ती तशीच टाकून निघाले, आणि पोलिसांना गाडीत वार (बाळाच्या मागनं पडते ती) सापडली तेव्हा कळलं की आत्ताच बाळंतपण झालंय आणि तान्हं ह्यांच्याबरोबर आहे. मग टॅक्सी करत करत पार दक्षिणेला, आणि जानेवारीच्या थंडीत टेकडीवर एका पातळ तंबूत. २७ फेब्रुवारीला ब्रायटनमध्ये पकडले, तरी बाळ कुठाय ते सांगितलं नाही. १ मार्चला एका शेडमध्ये सुपरमार्केटच्या पिशवीत, कचऱ्याखाली मेलेलं सापडलं. मुलगी होती, व्हिक्टोरिया.

मी ३१ वर्षं सिस्टर म्हणून काढली, त्यातली निम्मी बेळगावच्या खानापूर तालुक्याच्या जंगलपट्ट्यात. तान्ह्या बाळाला थंडी लागली की नाही हे बघायला थर्मामीटर लागत नाही, आम्ही आशांना शिकवायचो, आपल्या हाताची मागची बाजू बाळाच्या पोटाला लावा, मग तळपायाला लावा. पोट गरम आणि पाय गार, म्हणजे बाळ गारठायला लागलंय, लगेच आईच्या उघड्या छातीवर घ्या, वरनं पांघरूण घाला. पोट पण गार लागलं तर गाडी बोलवा, वाट बघू नका. तान्हं बाळ आपल्यासारखं कुडकुडून अंग तापवू शकत नाही, थंडी वाजतेय म्हणून ओरडून सांगत पण नाही, उलट गप्प होत जातं. आणि घरातले म्हणतात, बघा किती शांत झोपलंय.

हे वाचताना मला त्या तंबूत हात घालून तिचे तळपाय बघावेसे वाटत होते. रात्री उठून बसले.

खरं एक गोष्ट अजून आहे. इंटरनेटवर आपली मराठी माणसं "असले आईबाप आपल्याकडं नसतात" असं लिहितायत ते वाचून मला गप्प बसवेना. आपल्याकडं असतात. पैसेवाले नसतात, तंबूत नसतात, शेतातल्या खोपीत असतात. सतरा वर्षांची पोरगी, लग्न लावून दिलेलं, दिवस गेलेले, आणि दवाखान्यात नेलं तर वय विचारतील, वय सांगितलं तर केस होईल, नवरा आत जाईल, म्हणून नऊ महिने तिला कुठं दाखवायचंच नाही. हे मी डोळ्यांनी बघितलंय. सांगते नंतर, आधी तुमचं ऐकू दे.

टिळकवाडी_आई
सिस्टर मला पुढं वाचवेनाच. माझा मुलगा चार महिन्यांचा आहे. त्याला नुसतं आंघोळीनंतर टोपडं घालायला पाच मिनिटं उशीर झाला तर सासूबाई माझ्यावर डाफरतात, आणि ह्यांनी जानेवारीत तंबूत ठेवलं?? १४ वर्षं काहीच नाहीत. जन्मठेप पाहिजे होती.

येळ्ळूर_पोरगा
१००% सहमत ताई. त्या बाईच्या घरात पैशाला तोटा नव्हता म्हणे, मोठ्या जमीनदार घराण्यातली. हॉटेल घेता आलं असतं.

ससेक्समधला_बेळगावकर
मी मूळचा अनगोळचा, सात वर्षं झाली इकडं केअर होममध्ये नोकरी करतोय, ब्रायटनपासून बसनं अर्ध्या तासावर. तेव्हाचं सांगतो.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापासून त्यांचे फोटो सगळीकडं होते. टीव्हीवर, पेपरात, बसस्टॉपवर लोक त्यावरच बोलायचे. पोलिसांनी १०,००० पौंडांचं बक्षीस लावलं होतं. सुरुवातीला लोकांचा सूर रागाचा नव्हता, काळजीचा होता, "या परत, काही होणार नाही, फक्त बाळाला डॉक्टरला दाखवा" असं. आमच्याकडच्या एक आजीबाई, नव्वदीच्या, रोज सकाळी मला पहिलं हेच विचारायच्या, बाळ मिळालं का. मी नाही म्हणालो की खिडकीबाहेर बघत राहायच्या. इथला जानेवारी म्हणजे आपल्या बेळगावची पहाटेची थंडी नव्हे, समुद्रावरनं ओला वारा येतो तो जाकिटाच्या आत घुसतो, ऊन असलं तरी अंगाला लागत नाही. दिवस चारला संपतो. मी स्वतः कामावरनं येताना हातमोजे विसरलो तर बोटं वळायची नाहीत.

२७ फेब्रुवारीला रात्री बातमी आली की दोघं सापडले पण बाळ नाही. दुसऱ्या दिवशी शेकडो लोक आणि पोलीस झुडपं, बागा धुंडाळत होते. १ तारखेला मिळालं. आजींना सांगायचं काम माझ्यावर आलं. त्या काही बोलल्या नाहीत, गळ्यातली क्रॉसची साखळी हातात घेऊन बसल्या. मग गावात माणसं फुलं ठेवून जायला लागली. कुणाच्या ओळखीचं नाही, नात्याचं नाही, तरी.

राग त्यानंतर आला. आणि केस इतकी लांबली की राग तसाच राहिला. पहिला खटला २०२४ मध्ये झाला, त्यात जन्म लपवणं, मुलाशी क्रूरपणा असले गुन्हे सिद्ध झाले पण मुख्य आरोपावर ज्युरीचं एकमत झालं नाही. परत खटला, मग जुलै २०२५ मध्ये मनुष्यवध सिद्ध.

वकील_चिक्कोडी
दादांनी नीट सांगितलंय, एक भर घालतो. तिथं सिद्ध झालेला गुन्हा म्हणजे घोर निष्काळजीपणामुळं झालेला मनुष्यवध, खून नव्हे. बाळ थंडीनं गेलं की आईच्या अंगाखाली गुदमरलं हे डॉक्टरांना पक्कं सांगता आलं नाही, इतके दिवस गेले होते मध्ये. आईचं म्हणणं होतं की मी बाळाला जाकिटात घेऊन बसल्या बसल्या झोपले. सरकारी बाजूचं म्हणणं, ते खरं धरलं तरी तंबूत ह्या परिस्थितीत आणलं कुणी? त्यामुळं टिळकवाडीच्या ताई, जन्मठेप का नाही ह्याचं उत्तर तिथं आहे, मारायचा हेतू होता असं कुणी म्हटलंच नव्हतं.

आता सिस्टर, तुमच्याविषयी आदर ठेवून बोलतो, तुलना मला पटत नाही. ह्या दोघांना कोर्टात म्हणणं मांडायला संधी होती. आधीची चार मुलं उगाच काढून घेतली नव्हती, फॅमिली कोर्टात पुरावे झाले होते, घरात मारहाण होत होती असं जजला वाटलं होतं. तो माणूस अमेरिकेत लहान वयात बलात्काराच्या गुन्ह्यात वीसेक वर्षं तुरुंगात काढून आलेला. म्हणजे यंत्रणेला भीती वाटायला कारण होतं. आपली सतरा वर्षांची पोरगी आणि तिचा एकवीस-बावीसचा नवरा, दोघं ऊसतोड करणारे, ह्यांना त्या पंक्तीत बसवू नका.

खानापूरची_सिस्टर
वकीलसाहेब, पंक्तीत बसवत नाही हो. त्या आईबापांना माफ करा असं मी कुठं म्हटलं? मी बाळाकडनं बघतेय. बाळाला काय फरक पडतो तिला लपवणारे श्रीमंत होते की गरीब, दोषी होते की भेदरलेले? तळपाय दोन्हीकडं सारखेच गार पडतात.

सांगते आता ते. जांबोटीच्या वरच्या अंगाला एक वाडी, नाव लिहीत नाही. आषाढातला पाऊस, आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहिताय, आठ-आठ दिवस आभाळ दिसत नाही, भिंतींना हात लावला तर पाणी लागतं. आमच्या आशानं सांगितलं की अमक्या घरात सून दिसत नाही बरेच दिवस. विचारलं तर सासू म्हणाली माहेरी गेलीय चंदगडला. आता चंदगड पलीकडं, महाराष्ट्रात. तिकडच्या आशाच्या ओळखीनं विचारलं तर ती म्हणाली आमच्या यादीत असलं कोण नाही. म्हणजे पोरगी इकडच्या वहीत नाही, तिकडच्या वहीत नाही. बॉर्डर म्हटलं की आपण नेहमी भाषेचं बोलतो, खरं बॉर्डरचा हा पण एक उपयोग लोक करतात, ते आम्हालाच माहीत.

पोरगी कुठंच गेली नव्हती. घरापासून अर्धा किलोमीटरवर शेतात गुरांची खोप होती, तिथं ठेवलेली. सासूनंच बाळंतपण केलं. मला निरोप आला तिसऱ्या दिवशी, तो पण शेजारणीनं चोरून दिला. मी छत्री मोडली तरी गेले. आत चूल पेटलेली होती, खरं ओल्या लाकडाचा नुसता धूर, ऊब नाही. बाळ जुन्या लुगड्यात गुंडाळून बाजूला टोपलीत ठेवलेलं, कारण "विटाळ". मी हात लावला. पोट गार. पाय गार. ओठ निळे नव्हते, राखेसारखे झालेले.

मी पोलक्याची बटणं काढून बाळ माझ्याच छातीला लावलं आणि तसंच बसले अर्धा तास, खाली रस्त्यावर गाडी येईस्तवर. पहिल्या दिवशीचा चीक पिळून टाकून दिला होता, मधाचं बोट चाटवलेलं. गाडीपर्यंत चिखलातनं चालत आलो, पोरगी माझा पदर धरून मागनं. खानापूर पण आलं नव्हतं तेव्हा माझ्या अंगावरच गेलं ते.

त्या पोरीनं मला एकच विचारलं, "सिस्टर, आता ह्यांना नेतील का?" बाळ गेलंय, तिला अजून ताप आहे, दूध आलेलं आहे, आणि तिच्या डोक्यात नवऱ्याला पोलीस नेतील एवढंच. नऊ महिने तिला दुसरं काही शिकवलंच नव्हतं कुणी.

मी तेव्हा सासूवर खूप ओरडले. आज वाटतं ओरडायला नको होतं असं नाही, ओरडायलाच पाहिजे होतं, खरं सहा महिने आधी.

टिळकवाडी_आई
सिस्टर 😢 मी मघाशी रागात लिहिलं. बाळाला मांडीवर घेऊन वाचतेय. त्याचे पाय हातात धरून बसलेय.

निपाणीकर
हे सगळं ठीक आहे पण मग उपाय काय, बालविवाह करणाऱ्यांना सोडून द्यायचं का? कर्नाटकात तर २०१६ च्या दुरुस्तीनंतर बालविवाह मुळातच रद्दबातल आहे. लग्नच नाही ते कायद्यानं. तरी आमच्याकडं तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बायका सांगतात, लग्न कोल्हापूर साइडला देवळात उरकून येतात, फोटो काढत नाहीत, पत्रिका छापत नाहीत. ह्यांना भीती पाहिजेच.

शहापूर_पेठ
निपाणीकर बरोबर. भीती गेली की काय होतं ते आपण बघितलंय. २०१७ ला म्हैसाळला १९ भ्रूण सापडले, आपल्या बॉर्डरला लागून. २०२२ ला मुडलगीत ओढ्यात बाटल्यांमधे ७. ते काय केसच्या भीतीनं झालं? मुलगी नको म्हणून झालं. कायदा ढिला केला की हे वाढणार.

वकील_चिक्कोडी
शहापूर पेठ, ते गर्भलिंग तपासणीचं प्रकरण आहे, वेगळा कायदा, वेगळा गुन्हा, इथं मिसळू नका. इथं प्रश्न जन्मलेल्या बाळाचा आहे.

कायद्याचं जरा सुटसुटीत सांगतो कारण बऱ्याच जणांना अर्धवट माहिती असते आणि त्या अर्धवट माहितीनंच जास्त घोटाळा होतो. अठराच्या आतल्या मुलीला दिवस गेले आणि डॉक्टरला कळलं, तर पोक्सोच्या (लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा) कलम १९ खाली त्यानं कळवायचंच आहे, नाही कळवलं तर कलम २१ खाली त्याच्यावर केस होऊ शकते. नवरा असला तरी सुटका नाही, २०१७ ला सुप्रीम कोर्टानं अठराच्या आतल्या बायकोशी संबंध म्हणजे बलात्कारच असं सांगितलंय. हे झालं लोकांना ठाऊक असलेलं.

ठाऊक नसलेलं असं, की पोक्सोच्या नियमांप्रमाणं तातडीचा उपचार द्यायला कुठलंही हॉस्पिटल आधी पोलिसांचा कागद मागू शकत नाही. आधी उपचार, मग बाकी. आणि ज्यांना मूल सांभाळणं शक्यच नाही त्यांच्यासाठी २०१५ च्या ज्युवेनाइल जस्टिस कायद्यात कलम ३५ आहे, बालकल्याण समितीपुढं मूल रीतसर सोपवता येतं, वर विचार बदलायला दोन महिने मिळतात. सोपवलं म्हणून गुन्हा नाही. गुन्हा कुठं होतो, तर मूल उघड्यावर टाकलं की, किंवा गेलेलं मूल गुपचूप पुरून जन्मच लपवला की. माझ्याकडं अशी माणसं येतात ती सगळी दुसऱ्या वाटेनं गेल्यावर येतात. पहिली वाट त्यांना कुणी सांगितलेलीच नसते.

सिस्टर, तुमची गोष्ट वाचून मी माझं वरचं म्हणणं थोडं मागं घेतो. कायद्याच्या नजरेनं दोन्ही वेगळं आहे हे कायम. बाळाच्या नजरेनं नाही.

अंगणवाडी_अक्का
मी हुक्केरी भागात अंगणवाडीत आहे. मोबाईलवर टाईप करायला वेळ लागतो चुका असतील. आम्ही घरी गेलो की दार उघडतात पाणी देतात चहा देतात आणि खोटं बोलतात. का तर आमच्या हातात वही असते. वही बघितली की बाई गप. मी आता वही पिशवीतच ठेवते, आधी बसते, शेंगा निवडायला लागते त्यांच्याबरोबर, म्हाताऱ्यांच्या गुडघ्याचं विचारते. दुसऱ्या तिसऱ्या खेपेला आपणहून बोलतात. खरं एवढा वेळ आम्हाला कोण देतंय, सर्व्हे वेगळा, फोनवर माहिती भरायची वेगळी, मीटिंग वेगळी.

दुसरं म्हणजे मराठी घरात तायी कार्ड (गरोदर बाईच्या तपासणीचं कार्ड) दिलं तर कन्नडमधलं वाचायला येत नाही, ते देवाच्या फोटोमागं ठेवून देतात. मी त्यावर पेनानं मराठीत लिहून देते, कुठली तारीख, कुठलं इंजेक्शन, गाडीसाठी १०८.

येळ्ळूर_पोरगा
बघा, परत तेच. आपल्याला आपल्या भाषेत कागद मिळत नाही म्हणून हे होतं. सरकारनं

ॲडमिन
येळ्ळूर, तुझं म्हणणं रास्त आहे, त्यासाठी वेगळा धागा आहे, तिकडं जरूर लिही. इथं बाळाचंच राहू दे. तुझा बाकीचा मजकूर तिकडं हलवलाय.

ससेक्समधला_बेळगावकर
सिस्टरांची गोष्ट काल रात्री ड्युटीवर वाचली. इथं पण हाच वाद चालू आहे, फक्त भाषा वेगळी. एक बाजू म्हणते, चार मुलं काढून घेतलेल्या बाईवर पाचव्या वेळी नजर का नव्हती, यंत्रणा कमी पडली. दुसरी म्हणते, यंत्रणा अंगावर आली म्हणूनच पळाले. माझी एक सहकारी आहे, तिची स्वतःची पोरगी लहानपणी दोन वर्षं दुसऱ्या घरी ठेवली होती, मग परत मिळाली. ती म्हणाली, मला पण पळावंसं वाटलं होतं, खरं मी पळाले नाही कारण माझ्याकडं येणारी सोशल वर्कर दर वेळी आधी माझं जेवण झालं का विचारायची. अंगणवाडी अक्कांच्या शेंगा निवडण्याचं वाचलं आणि मला तेच आठवलं.

तरी मी त्या दोघांना माफ करू शकत नाही. २७ तारखेला पकडल्यावर तरी सांगायचं होतं. दोन दिवस थंडीत माणसं झुडपात हात घालून शोधत होती, जिवंत असेल ह्या आशेनं.

टिळकवाडी_आई
मी पण नाही करू शकत. सिस्टर, तुम्ही त्या सासूला माफ केलंत का?

खानापूरची_सिस्टर
नाही. खरं तिच्या घरी जायचं बंद पण नाही केलं. दोन वर्षांनी त्याच पोरीला परत दिवस गेले तेव्हा सासू स्वतः तिला घेऊन सेंटरला आली, भर उन्हात चालत. तेव्हा झालेली मुलगी आता शाळेत जाते. हे झालं कारण मी जात राहिले, दुसरं काही कारण नाही.

नवीन_सदस्य_७७
नमस्कार. मी इथं कधी लिहीत नाही फक्त वाचतो. आमच्या शेजारी एक मुलगी आहे. लग्न होऊन आली तेव्हा दहावीत होती असं घरच्यांकडनं कळालं. आता सातवा महिना असेल. बाहेर सोडत नाहीत. माझी बायको ताक द्यायला गेली तेव्हा दिसली, पाय सुजलेत आणि डोकं दुखतं म्हणाली. आम्ही कुणाला सांगितलं तर शेजार तुटेल, आणि आमचं नाव बाहेर येईल. काय करावं. गाव बेळगाव तालुक्यातच आहे.

खानापूरची_सिस्टर
दादा, आधी एक, गावाचं नाव, मुलीचं नाव इथं अजिबात लिहू नका. मला मेसेज करा.

दुसरं, पाय सुजणं आणि डोकं दुखणं दोन्ही एकदम म्हणजे बीपी वाढलेलं असू शकतं, ह्यात आई आणि बाळ दोघांना धोका असतो, हे उद्यावर टाकायचं नाही. डोळ्यापुढं अंधारी, पोटात वरच्या बाजूला दुखणं, झटका, ह्यातलं काही झालं तर शेजार-बिजार काही बघू नका, १०८.

केस होणार नाही असं मी तुम्हाला सांगू शकत नाही. खोटं आश्वासन दिलं की पुढचं सगळं घर आमच्यासाठी बंद होतं. १०९८ वर, मुलांच्या हेल्पलाइनला, फोन करता येतो, कुणी केला ते ते सांगत नाहीत.

वकील_चिक्कोडी
कळवणाऱ्याचं नाव गुप्त ठेवता येतं, ते माझ्यावर सोडा. घरच्यांना वकील लागला तर मी पैसे न घेता उभा राहीन. सिस्टर, माझा नंबर त्यांना द्या.

अंगणवाडी_अक्का
त्या भागातली टीचर माझ्या ओळखीची आहे. वही न घेता जाईल. सांगते तिला.

नवीन_सदस्य_७७
मेसेज केलाय. बायको म्हणते ती पण येते बरोबर.

खानापूरची_सिस्टर
मिळाला. सकाळी पहिल्या बसनं निघते, साडेआठपर्यंत तुमच्या स्टॉपवर असेन. बीपीचं मशीन माझ्याकडं आहे. वहिनींना म्हणावं ताक थोडं जास्त घुसळून ठेवा, ताक द्यायलाच आलोय म्हणून दोघी आत जाऊ.